ऊस नोंदीचा डेटाबेस ५.७ वरून ८.० वर: प्रकल्प नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

काम आजपासून आपल्याकडे आलं. जिल्ह्यातला एक सहकारी साखर कारखाना. नाव या नोंदींत कुठंच लिहायचं नाही. ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, वजनकाटा, पंधरवड्याची बिलं असा शेती विभागाचा सगळा संसार एकाच मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेस सर्व्हरवर आहे, तोही उबुंटू १८.०४ या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मशीनवर. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, उबुंटू १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट त्याच वर्षी मे महिन्यात. नव्या मशीनवर उबुंटू २२.०४ आणि मायएसक्यूएल ८.० टाकायचं ठरलं.

ईडीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या संगणक विभागाच्या, साहेबांचं म्हणणं एकच: "गाळपाच्या आत उरका, पण नोंदी थांबू देऊ नका." त्यांचं बरोबर आहे. आडसाली लागणीच्या नोंदी आता सुरू होतील, चिटबॉय (गावोगावच्या ऊस नोंदी गोळा करणारा कर्मचारी) रोज संध्याकाळी गट ऑफिसात येऊन भरणार. सिस्टीम दोन-दोन दिवस बंद ठेवणं शक्य नाही.

८.४ एप्रिलमध्ये आलं आहे, मग ८.० का, असं चेअरमनच्या ऑफिसातून विचारलं गेलं. उत्तर इथंच लिहून ठेवतो. ५.७ वरून थेट ८.४ वर जाता येत नाही, मधे ८.० लागतंच. शिवाय ८.४ मध्ये पासवर्डची जुनी पद्धत मुळातच बंद असते, आणि कारखान्याचं ॲप्लिकेशन पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ५.६ आवृत्तीवर आहे, तिला तीच पद्धत कळते. त्याच्या कोडमध्ये जागोजागी डेटाबेसशी बोलणारी जी जुनी फंक्शनं आहेत, ती पीएचपी ७ मध्ये काढून टाकली, म्हणून नुसती पीएचपी वाढवूनही भागत नाही. ॲप्लिकेशन नव्यानं लिहिणं हे वेगळं काम आहे. ८.० ला एप्रिल २०२६ पर्यंत वेळ आहे, तेवढ्यात ते होईल.

२७ जून, गुरुवार

डेटा डिरेक्टरीची पूर्ण प्रत कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आपल्या ऑफिसात आणून टेस्ट मशीनवर लावली. एकदा ८.० नं ही डिरेक्टरी उघडली की ५.७ ती पुन्हा उघडू शकत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर, फक्त वाचता येईल अशी.

सर्व्हर सुरूच झाला नाही. लॉगमध्ये दोन कारणं: कॉन्फिग फाइलमध्ये क्वेरी कॅशची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची, म्हणजे क्वेरींची, उत्तरं साठवण्याची सोय) ओळ, आणि एसक्यूएल मोडमध्ये (सर्व्हर किती कडक वागेल ते ठरवणारं सेटिंग) नो ऑटो क्रिएट युजर. दोन्ही गोष्टी ८.० मधून गेल्या आहेत. ओळी काढल्या, सर्व्हर उठला.

मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड चेकर जुन्या मशीनवर आधीच चालवून घेतला होता. त्यानं शून्य तारखा (दिवस, महिना, वर्ष सगळं शून्य) दाखवल्या, आणि ८.० मध्ये राखीव झालेल्या शब्दांवरची दोन नावं: गटांच्या टेबलाचं 'ग्रुप्स' आणि तोडणीक्रमाच्या कॉलमचं 'रँक'. चेकर चांगला आहे, पण तो डेटाबेसच्या आतच पाहतो. पीएचपीच्या फाइलींत काय लिहिलंय ते त्याला दिसत नाही, आणि आपली बहुतेक भानगड तिथंच आहे.

१ जुलै, सोमवार

ॲप्लिकेशन नव्या सर्व्हरला जोडलं. पहिली एरर: सर्व्हरनं पाठवलेला कॅरॅक्टर सेट (अक्षरं बाइटांत मांडण्याची पद्धत) २५५ क्लायंटला माहीत नाही. २५५ हा ८.० च्या नव्या डिफॉल्ट कोलेशनचा (अक्षरांची तुलना करण्याचे आणि क्रम लावण्याचे नियम) नंबर आहे, आणि पीएचपी ५.६ त्याच्या जन्माआधीचं. सर्व्हरला यूटीएफ८एमबी४ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या कॅरॅक्टर सेटचं युनिकोड सीआय कोलेशन दिलं, हे जुन्या पीएचपीला ओळखीचं आहे. लगेच दुसरी एरर, पासवर्ड पद्धत अनोळखी. ॲप्लिकेशनच्या युजरला जुनी नेटिव्ह पद्धत दिली, आणि सर्व्हरची डिफॉल्ट पद्धतही तीच ठेवली. नुसतं युजरला देऊन भागत नाही. सर्व्हर पहिल्या नमस्कारातच आपली डिफॉल्ट पद्धत सांगतो आणि जुना क्लायंट तिथंच अडतो.

लॉगिन झालं. रँकचा घोळ मात्र विचित्र निघाला. तोडणीक्रमाचे काही रिपोर्ट चालत होते, काही १०६४ ही वाक्यरचनेची एरर देऊन पडत होते. कारण असं की टेबलाचं नाव आणि टिंब देऊन कॉलम लिहिला असेल तर राखीव शब्दही चालतो. नुसता लिहिला तर नाही. म्हणून चार स्क्रीन चालल्या एवढ्यावर खूश होण्यात अर्थ नाही. पूर्ण कोड शोधून प्रत्येक ठिकाणी नावाभोवती बॅकटिक (उलटं अवतरणचिन्ह) घालणे, हे काम आपल्या धाकट्या सहकाऱ्याकडं दिलं.

३ जुलै, बुधवार

आजचा दिवस मराठीचा.

सभासद यादी उघडली आणि एकही नाव वाचता येईना. तिरपा फटका दिलेला रोमन ए, त्याच्या शेजारी चलनाचं ते चार टोकांचं गोल चिन्ह, मग काहीतरी तिसरं, आणि हीच माळ ओळभर. ईडीपीतला पोरगा फोनवर घाबरून म्हणाला, "दादा, डेटा गेला काय सगळा?" गेलेला नाही. हे नीट समजून घेणं गरजेचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

५.७ चा डिफॉल्ट कॅरॅक्टर सेट लॅटिन१, म्हणजे रोमन धाटणीची अक्षरं, एका अक्षराला एक बाइट. ॲप्लिकेशननं कधीच 'मी यूटीएफ८ बोलतोय' असं सर्व्हरला सांगितलं नाही. अशा वेळी पीएचपी सर्व्हर सांगेल तो कॅरॅक्टर सेट गृहीत धरतं. ब्राउझरमधून येणारं मराठी यूटीएफ८ मध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. सर्व्हरला ते तीन बाइट म्हणजे तीन लॅटिन अक्षरं वाटली, त्यानं ती लॅटिन१ कॉलममध्ये जशीच्या तशी ठेवली आणि मागितल्यावर जशीच्या तशी परत दिली. ब्राउझरनं ती पुन्हा यूटीएफ८ म्हणून वाचली. वर्षानुवर्षं सगळं बरोबर दिसत राहिलं. आता ८.० चा सर्व्हर सांगतो की मी यूटीएफ८एमबी४ बोलतो, आणि प्रामाणिकपणे त्या प्रत्येक लॅटिन अक्षराचं यूटीएफ८ करून देतो. एका 'ऊ'ची तीन अक्षरं होतात.

बाइट डिस्कवर अगदी शाबूत आहेत.

सहकाऱ्यानं सुचवलं, सर्व्हरचा कॅरॅक्टर सेट परत लॅटिन१ करूया, स्क्रीन लगेच सुधारेल. करून पाहिलं, सुधारली. तरीही तो मार्ग घ्यायचा नाही असं ठरवलं. तो घेतला तर लांबी मोजणं, नावाचा तुकडा काढणं, मोबाइलवर बिलाचा मेसेज पाठवणं, प्रत्येक ठिकाणी हाच घोळ पुढं चालू राहणार आणि ८.४ च्या वेळी कुणीतरी पुन्हा इथंच येऊन बसणार. सभासदाचं नाव डेटाबेसमध्ये मराठी म्हणूनच असलं पाहिजे.

तोवर टेस्ट मशीनवर कुणीही नवी नोंद भरायची नाही, हे मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवलं. या अवस्थेत भरलेलं मराठी लॅटिन१ कॉलमात बसतच नाही. सर्व्हर कडक असेल तर १३६६ ही एरर देतो, सैल असेल तर नावाऐवजी प्रश्नचिन्हं साठवतो, आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

८ जुलै, सोमवार

रूपांतराचा मार्ग: कॉलम आधी व्हारबायनरी करायचा, म्हणजे सर्व्हर 'हे लॅटिन१ आहे' हे विसरतो आणि उरतात नुसते बाइट; मग तोच कॉलम यूटीएफ८एमबी४ व्हारकॅर, म्हणजे मजकुराचा, करायचा. थेट 'कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट' ही आज्ञा चालवायची नाही. ते चालवलं तर आज जे नुसतं स्क्रीनवर दिसतंय, ते डिस्कवर पक्कं होईल.

पण ऊस नोंदीच्या टेबलावर पहिल्याच पायरीला १२९२ ही एरर आली: तोड तारखेच्या कॉलममध्ये चुकीची तारीख. आम्ही हात लावतोय नावाच्या कॉलमला, आणि ओरडतोय तारखेचा. टेबल नव्यानं लिहिताना प्रत्येक ओळ तपासली जाते, आणि कडक मोडमध्ये शून्य तारीख चालत नाही. जुन्या सर्व्हरवर एसक्यूएल मोड सैल ठेवला होता म्हणून इतकी वर्षं चाललं.

शून्य तारीख इथं कचरा नाही, तिला अर्थ आहे: ऊस अजून तुटलेला नाही. शेती विभागातल्या आण्णांना विचारून खात्री केली. "तोड झाली की स्लिपवरनं तारीख पडती. तवर मोकळी," असं ते म्हणाले. मोकळी म्हणजे डेटाबेसच्या भाषेत नल, किंमतच नाही. कॉलम नल घेणारा केला, त्या एका सेशनपुरता मोड सैल करून शून्यांच्या जागी नल भरलं, आणि कोडमध्ये जिथं शून्य तारखेशी बरोबरी तपासली होती तिथं 'इज नल' केलं. मोड कायमचा सैल ठेवून हे सगळं टाळता आलं असतं. तो सैल मोड काय करून ठेवतो ते पुढच्या नोंदीत.

११ जुलै, गुरुवार

तारखा मिटल्या, नावांचा पहिला कॉलम बायनरी झाला, आणि यूटीएफ८एमबी४ करताना १३६६: स्ट्रिंगमध्ये चुकीची व्हॅल्यू. ती ओळ काढून पाहिली. नाव बदलून लिहितो, पण अक्षरांचा हिशेब खरा आहे.

कॉलम ६० चा. लॅटिन१ मध्ये ६० म्हणजे ६० बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम वीस चिन्हं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. 'पाटील ज्ञानेश्वर रामचंद्र' घ्या. पाटीलचे १५, जागेचा १, ज्ञानेश्वरचे ३०, पुन्हा जागेचा १. झाले ४७. उरले १३. त्यात 'रामच' एवढं १२ बाइटांत बसतं आणि शेवटी अनुस्वाराचा एकच बाइट सुटा लोंबकळत राहतो. तीनपैकी एक. तो कुठलंच अक्षर होत नाही, म्हणून सर्व्हर अडतो. सैल मोडमध्ये ५.७ नं हे नाव न कुरकुरता कापलं. कडक असता तर भरतानाच १४०६ ही 'मजकूर लांब आहे' अशी एरर दिली असती आणि चिटबॉयनं तिथंच विचारलं असतं.

ज्या ओळींवर एरर येते त्यांचा सुटा बाइट कापून पुढं जाता येतं. पण मग कागदावर गणित मांडून पाहिलं. नावात दोन जागा असतील तर ६० मधून २ गेले, ५८. तीननं भागून एक उरतो, म्हणून एरर. तीन जागा असतील, म्हणजे नावात 'उर्फ' किंवा 'मयत वारस' असं काही असेल, तर ५७. तीननं पूर्ण भाग जातो. ही नावं अक्षराच्या काठावर स्वच्छ कापली गेलीत. त्यांच्यावर एरर येणारच नाही, रूपांतर सुरळीत होईल, आणि माणसाचं नाव अर्धंच राहील.

म्हणून एररच्या मागं न लागता सरळ प्रश्न विचारला: ज्यांची लांबी बरोबर ६० बाइट किंवा त्याच्या एक-दोन अलीकडं आहे, त्या सगळ्या ओळी द्या. यादी एररवाल्या ओळींपेक्षा बरीच मोठी आली. काही नावं खरोखरच तेवढ्यात बसणारी आहेत, पण ते माणसानंच पाहायचं. यादी गटवार फोडून शेती विभागाला दिली. पूर्ण नाव ऊस नोंदीच्या कागदी फॉर्मवर आहे, बँक पासबुकाची झेरॉक्सही जोडलेली असते. बिल बँकेत जातं तेव्हा खातं नंबरवर जमा होतं म्हणून आजवर कुणाचं अडलं नाही, पण वारस नोंदीला अर्धं नाव फार महागात पडतं. आण्णांनी यादी पाहिली आणि काही न बोलता गट ऑफिसांना फोन लावायला घेतले.

कॉलम आता २०० अक्षरांचा, यूटीएफ८एमबी४ मध्ये अक्षराला चार बाइटांपर्यंत धरतात. जुन्या टेबलांच्या काही इंडेक्सवर (झटपट शोधासाठीच्या सूचीवर) १०७१ ही एरर आली, की लांबी ७६७ बाइटांच्या वर गेली. रो फॉरमॅट (ओळ साठवण्याची पद्धत) डायनॅमिक केला, मर्यादा ३०७२ झाली, संपलं.

१६ जुलै, मंगळवार

वजनकाटा. काट्यावरचा प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ चा, ओडीबीसी या ड्रायव्हरनं डेटाबेसला जोडलेला, आणि त्याचा सोर्स कुणाकडंच नाही. त्याच्या आत कुठंतरी 'फ्रॉम ग्रुप्स' लिहिलंय, बॅकटिकशिवाय. हंगाम नसला तरी काटा बंद नसतो; साखरेचे ट्रक, मळीचे टँकर चालूच असतात.

टेबलाचं नाव बदलून उपयोग नाही, क्वेरी तेच नाव मागणार. मायएसक्यूएलचं स्वतःचं, क्वेरी बदलून देणारं रीरायटर प्लगइनही इथं लागू पडत नाही, कारण ते क्वेरी पार्स झाल्यानंतर (सर्व्हरनं तिचा अर्थ लावल्यावर) काम करतं आणि ही पार्समध्येच पडते. मधे प्रॉक्सीएसक्यूएल हा मध्यस्थ सर्व्हर बसवला. काटा आता ६०३३ पोर्टवर प्रॉक्सीशी बोलतो, तिथं एक नियम 'ग्रुप्स'ला बॅकटिक घालून क्वेरी पुढं पाठवतो. पासवर्डचा आणि कॅरॅक्टर सेटचा प्रश्नही याच जागी सुटला, कारण जुन्या ड्रायव्हरला आता समोर प्रॉक्सी दिसतो, ८.० नाही. काट्याला फक्त गाडी नंबर, गट क्रमांक आणि वजन लागतं. मराठी मजकूर त्या वाटेनं जातच नाही, म्हणून हा तोडगा निर्धास्तपणे घेतला.

ज्यांच्याकडं हे पुढं जाईल त्यांच्यासाठी: प्रॉक्सीचा नियम रनटाइमला लोड करणं आणि डिस्कवर सेव्ह करणं या वेगळ्या आज्ञा आहेत. दुसरी दिली नाही तर रीस्टार्टनंतर नियम नाही, आणि काटा बंद.

उद्या आषाढी. ऑफिस बंद.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीच्या वर आहे. गट ऑफिसांतली माणसं आपापल्या गावात जनावरं हलवण्यात गुंतलीत. नावांच्या यादीचं काम थांबवलं, कुणाला फोनही करायचा नाही असं सांगितलं. बॅकअपची एक प्रत पुण्याच्या क्लाउडवर आहे, दुसरी ऑफिसात वरच्या मजल्यावर नेली.

५ ऑगस्ट, सोमवार

पाणी उतरलं, काम सुरू. एरर लॉग आता स्वच्छ आहे. इथं थांबायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं होतं: गेल्या हंगामाचे सगळे रिपोर्ट जुन्या आणि नव्या मशीनवर काढायचे, टेक्स्टमध्ये साठवायचे आणि ओळीला ओळ लावून पाहायची.

गाववार बिल यादीत आकडे तेच, बेरीज तीच, पण गावांचा क्रम वेगळा. ५.७ मध्ये ग्रुप बाय (गट पाडण्याची आज्ञा) केलं की निकाल त्याच क्रमानं लागून यायचा; ८.० तसं करत नाही. यादीवर ऑर्डर बाय (क्रम लावण्याची आज्ञा) कधी लिहिलंच नव्हतं. बँकेच्या शाखांना ही यादी ठरावीक क्रमानं जाते आणि तिथले क्लार्क आधीच्या पंधरवड्याशी ताडून बघतात. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, त्या घाईत उलटसुलट यादी कुणालाच परवडणार नाही. गाव कोडवर ऑर्डर बाय घातला. असे रिपोर्ट बरेच निघाले.

सगळ्यात गंभीर 'न तुटलेला ऊस' हा रिपोर्ट. नव्या मशीनवर तो कोरा आला. एरर नाही, इशारा नाही, शीर्षक आणि खाली मोकळं पान. अट होती: तोड तारीख हंगाम सुरू होण्याच्या आधीची. शून्य तारीख या अटीत बसायची, नल बसत नाही. बरोबरीच्या अटी शोधून बदलल्या होत्या, पण ही 'पेक्षा लहान'ची अट शोधात येणारी नव्हती. याच रिपोर्टवरून शेवटच्या पंधरवड्यात टोळ्या हलवतात. हा कोरा गेला असता तर शेतात उभा ऊस कागदावर संपलेला दिसला असता. तारखेच्या कॉलमवरची प्रत्येक तुलना आता हातानं वाचून काढतोय, यंत्रावर सोडलेली नाही.

मेसेज पाठवणाऱ्या भागात १२६७, कोलेशनची सरमिसळ. तो भाग नंतर बसवलेला, त्याची टेबलं आधीपासून यूटीएफ८एमबी४ जनरल सीआय. समोरचा कॉलम लॅटिन१ होता तोवर सर्व्हर त्याला निमूट युनिकोडमध्ये ओढून घ्यायचा. आता दोन्ही बाजू युनिकोड, कोलेशन वेगळी, आणि सर्व्हर कुणाची बाजू घ्यायची ते ठरवत नाही. वर त्यातलं एक टेंपररी टेबल नुसतं यूटीएफ८एमबी४ म्हणून तयार होतं, त्याला ८.० नवं ०९०० कोलेशन देतो, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये काहीही असलं तरी. सगळीकडं युनिकोड सीआय, आणि प्रत्येक क्रिएट टेबलमध्ये कोलेट स्पष्ट लिहिलेलं. ०९०० टाळण्याला आणखी एक कारण आहे: त्यात शेवटची रिकामी जागा मोजली जाते. सभासद कोडच्या मागं चुकून स्पेस पडलेल्या ओळी जुन्या डेटात भरपूर आहेत, त्या जुळल्या नसत्या.

१८ ऑगस्ट, रविवार

शनिवारी संध्याकाळी गट ऑफिसं बंद झाल्यावर घेतलं. ५.७ सावकाश शटडाउननं बंद केला, डिरेक्टरीची प्रत घेतली, ती ताडून पाहिली, मगच ८.०.३९ लावलं. जुलैच्या सुरुवातीला आलेलं ८.०.३८ मुद्दाम टाळलं. टेबलांची संख्या दहा हजारांच्या वर असेल तर ते रीस्टार्टला कोसळतं. आपली टेबलं तेवढी नाहीत, पण दुरुस्त आवृत्ती हाताशी असताना ते घेण्याचं कारण नव्हतं.

स्क्रिप्ट टेस्टवर चालवल्या त्याच क्रमानं: तारखा, रो फॉरमॅट, बायनरी, यूटीएफ८एमबी४, कोलेशन. मग रिपोर्टांची तुलना पुन्हा, पूर्ण. पहाटे ईडीपीच्या साहेबांनी चहा मागवला आणि स्वतः बसून 'न तुटलेला ऊस' गटवार वाचला. सकाळी मळीचा पहिला टँकर काट्यावर चढला, वजन आलं, पावती छापली.

२१ ऑगस्ट, बुधवार

गट ऑफिसांत नोंदी सुरळीत. दुरुस्त नावं येतायत. आण्णा रोज संध्याकाळी आलेली यादी स्वतः फॉर्मशी ताडून मगच भरायला देतात. पूर आलेल्या गावांचे फॉर्म गणपतीनंतर येतील, त्यांच्यासाठी घाई करायची नाही असं ठरलंय. तोवर त्या ओळींवर 'नाव अपूर्ण' अशी खूण आहे आणि ती बिलावर छापली जात नाही.

जुनं ५.७ चं मशीन नेटवर्कवरून काढलं, पण पहिला पंधरवडा निघेपर्यंत पुसायचं नाही. राहिलेलं: रोजच्या बॅकअपमध्ये कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करणे आणि तो एकदा दुसऱ्या मशीनवर उतरवून मराठी नावं डोळ्यांनी पाहणे, पीएचपीच्या कामाचं कोटेशन सप्टेंबरच्या मीटिंगआधी देणे.